तिसऱ्या रांगेतली सीट

वैद्यांना वैद्य का म्हणत, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. औषधपाण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. उलट एक शिंक आली तरी डॉक्टरकडे धावणाऱ्यांपैकी ते. पण मोटारींच्या कारखान्यात, नवी इंजिनं जिथे पहिल्यांदा सुरू करून बघतात त्या शेडमध्ये, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. तिथे इंजिन सुरू झालं की ते घसा खाकरायचे, त्याच्या माथ्यावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. ते पाहून कुणीतरी म्हणालं, "हे बघा, नाडी बघतायत." झालं! दुसऱ्या दिवसापासून ते वैद्य. लग्नानंतर बायकोही त्यांना चारचौघांत ‘आमचे वैद्य’ म्हणू लागली, तेव्हा खरं नाव पगाराच्या पाकिटावर तेवढं उरलं.

तळहात ठेवायची रीत त्यांनी शोधलेली नव्हती, शेडची ती जुनीच पद्धत होती. आवाज एवढा असायचा, की शेजारच्याने कानात बोंब मारली तरी पोचू नये. त्यामुळे तिथली सगळी बोलाचाली हातांची. अंगठा वर म्हणजे चालू कर, मूठ म्हणजे थांब, दोन बोटं ओठांवर म्हणजे चहाला चल. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे आख्खा हात सरळ वर. चालतं इंजिन आपोआप बंद पडलं, की ज्याच्या बाकावर ते असेल त्याने हात वर करायचा. तो हात खाली येईपर्यंत कुणी कशाला शिवायचं नाही, मग तो साहेब असो की झाडूवाला. कारण बंद पडलेलं इंजिन कुणी घाईघाईत पुन्हा सुरू केलं, तर ते का बंद पडलं हे कायमचं कळायचं राहून जातं.

इंजिन पास झालं, की वरच्या बोल्टांवर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. पाना नीट लागलाय, आम्ही बघितलंय, एवढाच तिचा अर्थ. बाकी सगळे सरळ रेघ ओढत. वैद्यांची रेघ कधी सरळ आली नाही. तरुणपणी उजव्या अंगठ्यावर लोखंडी झाकण पडलं होतं आणि अंगठा जुळला तो वाकडाच. त्यामुळे ब्रश उचलताना मनगट वळायचं आणि रेघेच्या टोकाला डावीकडे एक छोटीशी शेपटी यायची. मुकादम सुरुवातीला खेकसायचा, "रेघ ओढायला सांगितलीय, मांजर काढायला नाही!" पण जित्याची खोड म्हणतात ना, ती काही गेली नाही. शेवटी मुकादमच थकला.

बायको त्याच कारखान्यात सीटची कव्हरं शिवायची. कँटीनच्या रांगेत ओळख झाली. हिच्या बोटांना दोऱ्याचे वळ, त्यांच्या बोटांना तेलाचे डाग, आणि दोघांच्याही पुढे तोच पातळ चहा. तिची जीभ मात्र सुईपेक्षा तिखट. वैद्य इंजिनाच्या गप्पा मारायला लागले, की ती म्हणायची, "तुमचं इंजिन झाकणाखाली, कोण बघतंय त्याला! माझ्या सीटवर अख्खं जग बसतं. गाडी कशासाठी असते? बसायसाठी." यावर वैद्यांना कधीच उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी तिच्याशी लग्न केलं.

त्या दिवसांची आठवण निघाली की वैद्य अजूनही थोडे सरळ बसतात. सकाळचा भोंगा, सायकलींची रांग, हिवाळ्यात शेडच्या दारात पाय ठेवताच अंगावर येणारी ऊब, नव्या इंजिनाच्या पहिल्या धुराचा तो काहीसा गोडसर वास. संध्याकाळी दोघं एका सायकलवरून घरी यायची. लेक झाल्यावर तिघं. घरात डब्याच्या तळाशी उरलेला पिवळा रंग असायचा. लेक शाळेत जायला लागली तशी वैद्यांनी तिच्या सगळ्या वस्तूंवर खूण करून टाकली. डबा, बाटली, छत्री, पट्टी, बुटांचे तळवे, सगळीकडे ती शेपटीची रेघ. बाकीच्या मुलांच्या डब्यांवर नावं होती, हिच्या डब्यावर शेपटी. मुली चिडवायच्या तेव्हा ती रडत घरी यायची. पण हिचा डबा हरवला तरी संध्याकाळपर्यंत परत यायचा, कारण तसली खूण गावात दुसऱ्या कुणाची नव्हती.

मग एका वर्षी समुद्रापलीकडच्या नव्या कारखान्यातून काही माणसं काम शिकायला आली. वैद्यांच्या वाट्याला एक मुलगी आली. बारीक चणीची, आखूड केसांची, मान सारखी इकडून तिकडे वळवणारी. शेडने तिचं नाव पहिल्याच दिवशी ठेवलं, चिमणी. तिला यांची भाषा येत नव्हती, यांना तिची येत नव्हती. पण शेडमध्ये भाषा लागत होती कुणाला? वैद्यांनी हाताने शिकवलं, तिने डोळ्यांनी उचललं. आणि उचललं म्हणजे किती? वैद्य घसा खाकरत, तर तीही तळहात ठेवण्याआधी घसा खाकरायची. वैद्य रेघ ओढत, तर तिच्याही रेघेला शेपटी!

वैद्यांनी तिला समजावून पाहिलं. शेजारच्या बाकावरची सरळ रेघ दाखवली. आपला वाकडा अंगठा दाखवला, शेपटीकडे बोट करून मान हलवली. चिमणीने सगळं गंभीरपणे ऐकून, म्हणजे बघून, घेतलं. मग स्वतःचा चांगला धडधाकट अंगठा मुद्दाम वाकडा केला आणि आधीपेक्षाही झोकदार शेपटी काढली. वैद्यांनी कपाळाला हात लावला. तिनेही लगेच कपाळाला हात लावला. सबंध शेड पोट धरधरून हसली. "असू दे," वैद्य म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

ती काही महिने होती. सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला यायची, बायकोच्या शिलाई मशीनपाशी मांडी घालून बसायची, लेकीकडून एक ते दहा आकडे शिकायची. निघाली तेव्हा दारात उभी राहून तिने वैद्यांच्या हाताचा तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ओक्साबोक्शी रडली. वैद्यांना एवढं रडायला काय झालं ते कळेना. ते पुढच्या वर्षी कळलं.

पुढच्या वर्षी नोटीस लागली, की इंजिनांचं काम आता तिकडेच होणार. एवढी माणसं शिकवून घेतली ती त्यासाठीच होती. शेडमधली यंत्रं एकेक करून लाकडी खोक्यांत गेली. जिथे बाक होते तिथे सिमेंटवर चौकोनी डाग राहिले. शेवटच्या दिवशी वैद्यांचा शेजारच्या बाकावरचा दोस्त, ज्याच्याबरोबर त्यांनी दोन बोटं ओठांवर ठेवून आयुष्यभराचा चहा प्यायला होता, फाटकापाशी थांबून म्हणाला, "शिकवलंस ना मन लावून? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास तो घेतलास, आमच्याही पायांवर मारलास." त्यानंतर तो वैद्यांशी बोलला नाही. पुढे तो दुसऱ्या गावी गेला आणि तिथेच वारला. समेट करायचा राहूनच गेला.

वैद्यांनी पाण्याचे पंप दुरुस्त करायच्या दुकानात काम धरलं. पंपालाही ते तळहात लावायचे, पण घसा खाकरणं बंद झालं. आणि त्यांनी कानाला खडा लावला, की तिकडच्या इंजिनाच्या गाडीत पाय ठेवायचा नाही. चिमणीबद्दल ते घरात कधी वावगं बोलले नाहीत. पण तिचा आणि लेकीचा भिंतीवरचा फोटो कपाटात गेला, तो चादरींच्या खाली.

हे व्रत त्यांनी असं पाळलं की विचारू नका. लोक टॅक्सीवाल्याला भाडं विचारतात, वैद्य बॉनेट उघडायला सांगायचे आणि इंजिनावरच्या झाकणावर छापलेलं गाव तेवढं वाचायचे. लेकीच्या लग्नात भाड्याची गाडी दारात आली, तर नवरीमुलगी आत बसलेली आणि नवरीचा बाप बॉनेटखाली डोकं घालून. इंजिन तिकडचं निघालं. वैद्य पाहुण्यांच्या बसमध्ये बसून कार्यालयात पोचले, नवरीनंतर बऱ्याच वेळाने. बायको आयुष्यभर यावरून टोमणे मारत राहिली, पण बाहेरच्या कुणी त्यांची टिंगल केलेली तिला खपायची नाही.

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष. वैद्य तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे. गुडघे जिन्यावर कुरकुरतात. लेक दुसऱ्या शहरात, घरात ती, जावई, दोन मुलं आणि तिच्या सासूबाई, म्हणजे वैद्यांच्या विहीणबाई. कुठे जायचं ठरलं की लेकीचा फोन यायचा, "बाबा, येताय ना?" आणि वैद्य म्हणायचे, "तुम्ही जा. मला काम आहे." खरं म्हणजे त्या लहान गाडीत पाच माणसं कशीबशी मावत, सहावा कुठे बसणार, हे त्यांनी मनातल्या मनात मोजलेलं असायचं.

या वेळी लेक जावयाला घेऊन आली ती कंबर कसूनच. "बाबा, दोन गोष्टी ठरल्यात. तुम्ही आमच्याकडे राहायला येताय. आणि आम्ही मोठी गाडी घेतोय. उद्या बघायला चला."

"कुठली गाडी?" वैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"इथलीच," जावई म्हणाला. "तुमच्या जुन्या कारखान्याच्या पुढे नवा झालाय ना, तिथेच जोडतात."

जावई चांगला माणूस. पण ‘जोडतात’ आणि ‘करतात’ यांत केवढं अंतर असतं, ते त्याला कुठून कळणार? वैद्यांना कळायला हवं होतं. पण लेक इतकी खूश दिसत होती, की त्यांनी पुढे विचारलं नाही.

शोरूममध्ये गुळगुळीत फरशी, कुंड्यांतली झाडं आणि टाय लावलेला एक विक्रेता होता. त्याने सगळ्यांना सर आणि मॅडम करून टाकलं. गाडी उंच, ऐसपैस. तिच्यात दोन प्रकार, आणि फरक इंजिनाचा. पहिलीत पेट्रोलचं इंजिन आणि छोटी बॅटरी, ती चालता चालता आपली आपणच भरते. दुसरीचं इंजिन वेगळं आणि बॅटरी मोठी, तिला घरी रात्री प्लग लावायचा, मग रोजचं ऑफिसचं जाणंयेणं पेट्रोलचा थेंबही न जाळता. जावयाचा जीव दुसरीवर. त्याने मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले होते, की विक्रेत्यालाच तो माहिती द्यायला लागला.

"पण सर," विक्रेता म्हणाला, "मोठी बॅटरी मागच्या बाजूला खाली बसते. म्हणून त्या गाडीला तिसरी रांग नाही. पाच सीट. सात हव्या असतील तर पहिलीच."

"सातचीच," लेक म्हणाली. जावयाने एक सुस्कारा सोडला आणि बायकोच्या तोंडाकडे पाहून तो अर्ध्यावरच आवरला.

सातवालीतून चक्कर मारायला निघाले. जावई चालवायला, वैद्य शेजारी, मागे लेक आणि विक्रेता. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिनाचा आवाज एकदम गेला. वैद्यांचा हात आपोआप वर गेला तो धाडकन छतावर आपटला. "बंद पडली! कुणी कशाला हात लावू नका!"

आवाज असा होता की जावयाने स्टिअरिंग सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले. विक्रेता श्वास रोखून बसला. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"बाबा, हिरवा झालाय," जावई पुटपुटला.

"त्यांचा हात खाली येऊ दे," लेक म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं.

"सर, ती बंद नाही पडली," विक्रेत्याला अखेर कंठ फुटला. "हायब्रिड आहे ना. थांबली की इंजिन स्वतःच बंद होतं. लागलं की स्वतःच सुरू होतं."

"स्वतःच? कुणाला न विचारता?"

"हो सर."

"आमच्या शेडमध्ये आलं असतं तर परत पाठवलं असतं," वैद्य म्हणाले आणि त्यांनी हात खाली घेतला. हात दाखवून अवलक्षण झालं होतं खरं, पण गाडी हलली आणि त्यांना गंमत वाटायला लागली. इंजिन नेमकं केव्हा सुरू झालं ते त्यांना ओळखता येईना! त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. डोळे मिटले. एक बारीक, मऊ कंप हाताला लागला. कितीतरी वर्षांनी त्यांनी घसा खाकरला. "श्वास छान आहे हिचा," ते म्हणाले. "कोण करतं हे इंजिन?"

विक्रेत्याला वाटलं, आता सौदा पक्का झाला. मोठ्या अभिमानाने त्याने सांगितलं, की बॅटरी एका देशातून येते, गिअरबॉक्स दुसऱ्यातून, बॉडी इथे जोडतात, आणि इंजिन... त्याने त्या समुद्रापलीकडच्या गावाचं नाव घेतलं.

वैद्यांनी चटका बसावा तसा हात काढून घेतला. "गाडी थांबवा."

"बाबा..."

"थांबवा म्हणतो ना!"

ते उतरले आणि फुटपाथवरून शोरूमकडे चालू लागले, गुडघे कुरकुरत असतानाही. गाडी कडेकडेने त्यांच्यामागून येत राहिली.

संध्याकाळी घरी वैद्यच आधी बोलले. "मला फसवून बसवलंत."

"मला खरंच माहीत नव्हतं हो," जावई म्हणाला, आणि आता बापलेकीत आपण नसलेलं बरं, हे ओळखून दूध आणायला म्हणून निघून गेला.

"ती दुसरी घ्या ना," वैद्य म्हणाले. "प्लगवाली. तिचं इंजिन वेगळं आहे, इथलं आहे. परत आल्यावर विक्रेत्याने सांगितलं ना. जावईबापूंनाही तीच हवीय."

"तिच्यात पाचच बसतात."

"पाचच तर आहात तुम्ही."

लेक उभीच राहिली. तिचा चेहरा आईसारखा झाला, टोमणा मारायच्या आधी आईचा व्हायचा तसा. पण टोमणा आला नाही. "सहावे तुम्ही आहात, बाबा. त्या सीटसाठी चाललंय ना हे सगळं! नाहीतर मला कशाला हवाय तो रणगाडा?"

"माझं काय, मी बसने येईन."

"आलात कधी? दर वेळी तुम्हाला काम असतं. काय काम असतं? एक कप विसळायचा असतो." तिचा आवाज फाटला. "आई होती तोवर मला वाटायचं, चला, ती तरी आहे तुमच्यासोबत. आता फोन ठेवला की मला जेवण जात नाही. आणि तुम्ही एका इंजिनावर रुसून बसलाय!"

"इंजिनावर नाही." वैद्य म्हणाले. "तो म्हणाला होता, तूच शिकवलंस. फाटकापाशी म्हणाला. खोटं नव्हतं ते. मी जीव ओतून शिकवलं, आणि त्यांनी आमचं सगळं उचलून नेलं. मागे काही ठेवलं नाही. त्या गाडीत मी बसायचं म्हणजे त्याला काय तोंड दाखवायचं?"

"तो गेलाय, बाबा. मी आहे."

लेकीने डोळे पुसले. "ठीक आहे. उद्या प्लगवाली बुक करते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिथे नळ बराच वेळ उगाचच वाहत होता. वैद्यांना ते कळत होतं. उठून आत जावं, असं त्यांना फार वाटलं. पण ते उठले नाहीत.

सकाळी तिघं पुन्हा शोरूमला गेली. विक्रेता कागद तयार करायला गेला. वैद्य मागच्या अंगणातल्या बाकावर बसले, वर्कशॉपकडे पाठ करून. वर्कशॉपमध्ये सातवालीच एक गाडी उभी होती, बॉनेट उघडं, इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलेलं. मेकॅनिक काहीतरी पुसत होता.

"जिने आमच्या घरात भांडण लावलं तिचं तोंड तरी बघू," म्हणत लेक तिकडे गेली. वैद्यांनी मान वळवली नाही.

मग लेक अशी ओरडली की जावयाच्या हातातला चहा सांडला.

"बाबा! माझा डबा!"

वैद्यांना वाटलं, पोरगी काहीतरी विसरली. ते उठले, गुडघे सावरत आत गेले. लेक बॉनेटवर वाकून बोट दाखवत होती. वैद्यांनी चष्मा पुसला, परत लावला. चार बोल्ट ओळीने होते. प्रत्येकावर पिवळी रेघ. प्रत्येक रेघेच्या टोकाला, डावीकडे, एक छोटीशी झोकदार शेपटी.

"ही खूण कसली?" लेकीने मेकॅनिकला विचारलं.

"ही? तिकडून जी इंजिनं येतात त्या सगळ्यांवर असते. दुसरीकडच्यांवर सरळ रेघ असते, यांची अशी." मेकॅनिक खांदे उडवून म्हणाला. "त्यांची पद्धत असेल. काहीतरी अर्थ असणार त्याचा."

"अर्थ काही नाही," वैद्य म्हणाले. "अंगठा मोडला होता."

मेकॅनिक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. वैद्यांना तो दिसतच नव्हता. त्यांना दिसत होती चिमणी. आता तिचेही केस पिकले असतील. तिने कुणाला तरी शिकवलं असेल, त्या कुणीतरी आणखी कुणाला. धडधाकट अंगठ्याची किती माणसं तिथे बाकापाशी उभी राहून अंगठा मुद्दाम वाकडा करत आली असतील, कशासाठी ते माहीत नसताना! एखाद्याने विचारलंही असेल, ही शेपटी का? आणि चिमणीने कपाळाला हात लावला असेल.

"नेलं नव्हतं," वैद्य म्हणाले. लेकीला म्हणाले की आणखी कुणाला, सांगता येणार नाही. "सांभाळून ठेवलं होतं." आणि मग अगदी हळू, "त्याला दाखवायला हवं होतं हे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

मेकॅनिकने न सांगता इंजिन सुरू केलं. वैद्यांनी घसा खाकरला आणि माथ्यावर तळहात ठेवून डोळे मिटले. थोड्या वेळाने इंजिन आपलं आपणच बंद झालं, कुणालाही न विचारता. या वेळी वैद्यांनी हात वर केला नाही.

विक्रेता कागद घेऊन आला. "मग सर, प्लगवालीच ना?"

जावयाने लेकीकडे पाहिलं. लेकीने बापाकडे. वैद्य तोवर शोरूममधल्या सातवालीचं दार उघडून, मधली सीट पुढे ढकलून, एकेक गुडघा हाताने उचलत तिसऱ्या रांगेत शिरत होते. आत बसल्यावर त्यांनी सीटच्या शिवणीवरून वाकडा अंगठा दाबून फिरवला, बायको नव्या कव्हरवरून फिरवायची तसा. शिवण पक्की होती.

"अगं," त्यांनी आतून हाक मारली, "ही खिडकी उघडत नाही. विहीणबाईंना मधल्या रांगेत बसव, त्यांना वारा हवा असतो."